असोसिएशनचं प्लॅनिंग: दरवर्षीचं कॅलेंडर बरं की तीन वर्षांचा प्लॅन?

छोट्या कारखानदारांच्या असोसिएशनची एजीएम (वार्षिक सभा) होते, नवी कमिटी बसते आणि पहिल्याच मीटिंगला चहा यायच्या आत कोणीतरी विचारतं, "मग या वर्षी काय काय करायचं?" तिथून यादी सुरू होते. जीएसटीवर एक सेमिनार, एक फॅक्टरी व्हिजिट, दिवाळीनंतर गेट टुगेदर, डिसेंबरात क्रिकेट, फेब्रुवारीत बजेटवर सीएचं भाषण, मार्चमध्ये कोणी मोकळं नसतं म्हणून काही नाही. ही यादी मी अकरा वर्षं बघतोय आणि त्यातली चार वर्षं सेक्रेटरी म्हणून मीच टाइप केली. नंतर आम्ही तीन वर्षांचा प्लॅन केला, पहिला प्रयत्न फसला, मग एक आख्खा राबवून झाला, आता पुढचा चालू आहे. म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यायलोय.

हे सगळं लिहायचं कारण असं की भांडुपचा माझा एक मित्र, शीट मेटलचं काम करतो, त्याला त्यांच्या असोसिएशनने अध्यक्ष केलंय. त्याने विचारलं, "तुम्ही तो मोठा प्लॅन केला होता ना, त्याचा खरंच उपयोग झाला का, की आपलं कॅलेंडरच बरं?" फोनवर अर्धंच उत्तर दिलं, कारण पूर्ण उत्तर हो किंवा नाही असं नाहीये. त्याच्यासारखे अजूनही असतील, नुकतंच पद मिळालेले, हातात एक वर्ष किंवा दोन वर्षं आणि ऑफिसात एक माणूस, तोही अर्धा दिवस येणारा. त्यांच्यासाठी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघतो.

आमची असोसिएशन प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांची, कांदिवली-मालाडपासून वसईपर्यंतचे गाळेवाले, बहुतेकांकडे चार ते दहा मशीन. मोठी नाही, म्हणून माझे अनुभव छोट्या संस्थांनाच लागू पडतील.

आधी कॅलेंडरच्या बाजूने बोलतो, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. कॅलेंडरची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे ते होतं. तारीख ठरली, हॉल बुक झाला, स्पॉन्सर मिळाला की कार्यक्रम होतोच. आपण सगळे धंदा सांभाळून हे काम करतो, संध्याकाळी सातला गाळा बंद करून मीटिंगला येतो, अशा माणसांना "१४ तारखेला व्हिजिट आहे, बसची व्यवस्था तू बघ" हे समजतं आणि जमतं. मशीनवाले, दाणेवाले (प्लास्टिकचा कच्चा माल विकणारे), मास्टरबॅचवाले (रंगाचे दाणे विकणारे) वर्षाच्या सुरुवातीलाच विचारतात की तुमचे कार्यक्रम कुठले, म्हणजे त्यांना जाहिरातीचं बजेट टाकता येतं, त्यांच्या हातात छापील कॅलेंडर दिलं की पैसे लवकर येतात. आणि मेंबर एकमेकांना भेटतात ही गोष्ट छोटी समजू नका. मला माझा टूलरूमवाला, म्हणजे मोल्ड (साचे) बनवणारा, असाच एका व्हिजिटच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर भेटला, आज चौदा वर्षं माझे सगळे मोल्ड तोच करतो. त्या वेळी मी कमिटीत नव्हतो, साधा मेंबर होतो, आणि माझ्यासाठी असोसिएशन म्हणजे ती बस होती.

मग अडतं कुठे?

२३ मार्च २०१८ ला राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पिशव्या, थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटल्या, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ. माल संपवायला तीन महिने दिले आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. आमच्यातले काही मेंबर हेच बनवणारे होते. त्या वर्षीच्या आमच्या कॅलेंडरमध्ये एक सहल आणि दोन सेमिनार होते, बंदीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती, आणि ती असायला हवी होती, कारण महिनोन्महिने पेपरात बातम्या येत होत्या. अधिसूचना निघाल्यावर आम्ही धावलो. मोठ्या संघटना हायकोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली नाही. आम्ही आपलं निवेदन घेऊन मंत्रालयात गेलो, तिथल्या एका अधिकाऱ्याने शांतपणे दोन प्रश्न विचारले: तुमच्या किती मेंबरांवर याचा परिणाम होतो आणि त्यांच्याकडे किती कामगार आहेत. आम्ही पाच जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आमच्याकडे मेंबरचे पत्ते होते, मोबाईल नंबर होते, वाढदिवससुद्धा होते. कोण काय बनवतो याची यादी नव्हती. त्या अधिकाऱ्याने आमचं ऐकून घेतलं, पण अंदाजपंचे आकड्यावर तो तरी काय लिहिणार.

त्या दिवशी चर्चगेटला परत चालत येताना माझ्या डोक्यात एकच होतं, की आपण वर्षभर कार्यक्रम करतो आणि मेंबरचा धंदा बुडायची वेळ आली तेव्हा आपल्या हातात एक कागद नाही.

कॅलेंडरची खरी मर्यादा इथे आहे. ते अध्यक्षाच्या कारकिर्दीएवढं लांब असतं, आणि आपल्या धंद्यावर येणाऱ्या गोष्टी त्यापेक्षा लांबून येतात. त्यातल्या बऱ्याच तर तारीख सांगून येतात. केंद्राची सिंगल यूज प्लास्टिकची बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली, पण तिची अधिसूचना १२ ऑगस्ट २०२१ ला निघाली होती, म्हणजे जवळजवळ अकरा महिने आधी. फेब्रुवारी २०२२ मध्ये पॅकेजिंगसाठी ईपीआरचे (बाजारात आणलेल्या प्लास्टिकची पुढची जबाबदारी आणणाऱ्यावर टाकणारे) नियम आले, त्यात तर रिसायकल्ड मटेरियल किती टक्के वापरायचं ते वर्षवार छापलं, कडक पॅकेजिंगसाठी २०२५-२६ ला ३० टक्के आणि दरवर्षी दहा वाढवत २०२८-२९ ला ६०. जबाबदारी कागदावर ब्रँडवाल्यांची आणि पॅकेजिंग बाजारात आणणाऱ्यांची, पण डबा, झाकण, बाटली करून देणारा गाळेवालाच आहे, ब्रँडचा परचेस मॅनेजर त्याच्याकडेच विचारणार की रिसायकल्ड दाणा वापरून तेवढीच क्वालिटी देतोस का. त्याला ते शिकायला, ट्रायल घ्यायला, चांगला रिप्रोसेसर (जुन्या प्लास्टिकचा दाणा करणारा) शोधायला दोन वर्षं सहज लागतात. सप्टेंबर ते सप्टेंबर चालणाऱ्या कॅलेंडरमध्ये ही गोष्ट बसतच नाही हो, तिथे फार तर "ईपीआरवर सेमिनार" एवढंच बसतं, आणि सेमिनारला मेंबर येतो, बिर्याणी खातो, पीपीटीचा फोटो काढतो आणि सोमवारी तोच दाणा मशीनमध्ये टाकतो.

विजेचंही तसंच. एमईआरसी (राज्याचा वीज नियामक आयोग) टॅरिफ ठरवते ती आता पाच वर्षांच्या हिशोबाने, सध्याचा काळ २०२५-२६ ते २०२९-३०. जनसुनावणीची नोटीस पेपरात येते, हरकती द्यायला काही दिवसांचीच मुदत असते. तेवढ्या दिवसांत बिलं गोळा करून, लोड फॅक्टर काढून, नीट हरकत लिहिणं ज्याची तयारी आधीपासून आहे त्यालाच जमतं. आमच्यात तर अजून एक भानगड, कांदिवली-मालाडवाले अदानी किंवा टाटाचे, वसईवाले महावितरणचे, त्यामुळे एकच हरकत सगळ्यांना चालत नाही. कोण मेंबर कुठल्या सप्लायरचा हे आमच्याकडे २०१९ पर्यंत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आता तीन वर्षांच्या प्लॅनची बाजू. आणि इथे मी आधी त्याचे दोष सांगणार आहे, कारण आमचा पहिला प्रयत्न फसला.

आम्ही एक कन्सल्टंट नेमला. माणूस हुशार होता, मोठ्या कंपन्यांचं काम केलेला. लोणावळ्याला दोन दिवस बसलो, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या, व्हिजन लिहिलं, मिशन लिहिलं, मग सात "पिलर" निघाले आणि प्रत्येक पिलरखाली सहा-सात कामं. चव्वेचाळीस कामं झाली एकूण. बाइंडिंग करून रिपोर्ट आला, एजीएमला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आमचं ऑफिस म्हणजे एक मॅडम, सकाळी दहा ते दोन. चव्वेचाळीसपैकी त्या वर्षात तीन झाली, तीही अशी जी कॅलेंडरमध्ये असतीच. पुढच्या अध्यक्षांनी तो रिपोर्ट उघडला नाही, कारण ते लोणावळ्याला आले नव्हते, त्यांचा त्यात एक शब्द नव्हता, त्यांना तो दुसऱ्याचा वाटला. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण जास्त दुःख याचं की त्यानंतर दोन वर्षं "प्लॅन" शब्द काढला की लोक म्हणायचे, झाला की आपला एकदा.

तरी त्या कन्सल्टंटचा एक प्रश्न मला आजही उपयोगी पडतो. तो म्हणाला, "तुमच्याच इस्टेटमधले जे मेंबर नाहीत, त्यांना कधी विचारलंय का की का नाही?" आम्ही कधीच विचारलं नव्हतं. बाहेरचा माणूस घ्यावा तर एवढ्यासाठीच, आपल्याला न सुचणारे प्रश्न विचारायला. प्लॅन लिहायला नाही. तो आपणच लिहायचा, मोडकीतोडकी भाषा असली तरी चालेल.

दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी गूगल फॉर्म पाठवला, त्याला इतकी कमी उत्तरं आली की मोजण्यात अर्थ नव्हता. मग कमिटीतल्या लोकांच्या दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि शनिवारी दुपारी गाळ्यागाळ्यात जायचं ठरलं, मेंबरकडे आणि नॉन-मेंबरकडेसुद्धा. तीनच प्रश्न: मागच्या वर्षी रात्री झोप कशाने उडाली, पुढच्या दोन वर्षांत कशाची भीती वाटते, असोसिएशनने काय बंद केलं तर तुम्हाला फरक पडणार नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा ठरला.

आम्ही कमिटीवाले समजत होतो की लोकांना एक्स्पोर्ट हवाय, डेलिगेशन हवंय. गाळ्यात बसून ऐकलं तर निघालं वेगळंच. पहिलं, पेमेंट. नव्वद, एकशेवीस दिवस. २००६ च्या एमएसएमई कायद्यात पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आहे हे निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. दुसरं, ऑपरेटर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, होळीला गावी गेला की परत येईल का नाही सांगता येत नाही. तिसरं, मोल्ड. छोट्या माणसाला चांगली टेस्टिंगची आणि मोल्ड दुरुस्तीची सोय जवळ नाही. वसईतल्या एका काकांनी, सत्तरीचे असतील, स्वतः मशीनवर उभे होते, एवढंच सांगितलं, "सेमिनार बंद करा पोरांनो, मला एक चांगला सेटर मिळवून द्या." सेटर म्हणजे मशीनवर मोल्ड बसवून सेट करणारा. आणि एक नॉन-मेंबर म्हणाला की तुमचे सगळे कार्यक्रम अंधेरीला संध्याकाळी असतात, मी विरारला राहतो, मी कशाला येऊ.

त्यातून जो प्लॅन झाला तो एका पानाचा आहे. तीन कामं, तीन वर्षं. वसुली, ऑपरेटर ट्रेनिंग आणि रिसायकल्ड दाण्याची तयारी. बाकी काहीही सुचलं की विचारायचं, या तिघांपैकी कशात बसतं, नाही बसलं तर नम्रपणे नाही म्हणायचं. आणि पानाच्या खालच्या भागात काय बंद केलं ते लिहिलं: सोव्हिनियर (जाहिरातींची स्मरणिका) बंद, दोन सेमिनार बंद, अंधेरीच्या हॉटेलातली मासिक सभा बंद, ती आता आलटून पालटून कांदिवली आणि वसईला. सोव्हिनियर बंद करताना भांडण झालं, पंचवीस वर्षांची परंपरा होती, एका पास्ट प्रेसिडेंट साहेबांना खूप लागलं ते. त्यांच्या घरी जाऊन बोललो, त्यांनी समजून घेतलं आणि पुढे ट्रेनिंगचं काम त्यांनीच उचललं.

यातलं वसुलीचं काम बघा म्हणजे फरक कळेल. आयकराचं ४३बी(एच) हे कलम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं, मायक्रो आणि स्मॉल युनिटचं बिल मुदतीत दिलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस, नसेल तर पंधरा. कॅलेंडरवाली संस्था यावर एक लेक्चर ठेवते आणि काम झालं. आमच्याकडे तीन वर्षांचं काम होतं म्हणून आधी सगळ्यांची उद्यम नोंदणी (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) तपासली, कित्येकांची चुकीच्या कॅटेगरीत होती, ती नीट करून घेतली, मग बिलावर उद्यम नंबर छापायची सवय लावली, मग लेखी ऑर्डरचा साधा नमुना करून दिला, मग थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार कशी टाकायची ते बसून शिकवलं. काही खरेदीदारांनी धमकी दिली की मग आम्ही मध्यम युनिटकडून माल घेऊ, तेव्हा मेंबर घाबरले, तेही हाताळावं लागलं, एकेकाशी बोलावं लागलं. १ एप्रिल २०२५ पासून एमएसएमईच्या मर्यादा वाढल्या, स्मॉलची उलाढाल १०० कोटींपर्यंत गेली, तेव्हा जे आधी मध्यममध्ये गेले होते ते परत स्मॉलमध्ये आले आणि त्यांना पुन्हा हे कलम लागू झालं, त्यांना पहिला मेसेज आमच्या ऑफिसातून गेला. एकाच विषयावर सतत राहिल्याशिवाय हे होत नाही, दरवर्षी नवा विषय घेणाऱ्याला तर नाहीच नाही.

लांबचा विचार करून संस्था काय उभं करू शकते याची उदाहरणं मुंबईतच आहेत. इथल्या गिरणीमालकांची संघटना १८७५ ची. कापड धंद्याच्या पाठबळावर घाटकोपरला १९५४ साली बीटीआरए ही संशोधन संस्था उभी राहिली, वरळीला सास्मिरा त्याच्याही आधी, १९५० ला. गिरण्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्या लॅब अजून काम करतायत, आजही कापडाचं टेस्टिंग तिथे होतं. मशीन टूलवाल्यांची आयएमटीएमए, १९४६ ची, त्यांनी प्रदर्शनं भरवता भरवता बंगळुरूला स्वतःचं प्रदर्शन केंद्रच बांधलं. असल्या गोष्टी एका अध्यक्षाच्या वर्षात होत नाहीत, कोणीतरी झाड लावतो आणि सावली तिसऱ्याला मिळते. आपण छोटे आहोत, आपल्याला केंद्र नाही बांधायचं, पण चार मशीनचं एक ट्रेनिंग सेंटरसुद्धा तीन वर्षांशिवाय होत नाही, जागा मिळवण्यातच एक वर्ष जातं.

पैशाच्या बाजूने तुलना केली तर चित्र सरळ नाही. कॅलेंडर स्वतःचा खर्च स्वतः काढतं, स्पॉन्सर कार्यक्रमाला पैसे देतो. प्लॅनला असा स्पॉन्सर मिळत नाही, "वसुलीच्या कामासाठी" बॅनर कोण लावणार. म्हणून कॉर्पसच्या (संस्थेच्या राखीव निधीच्या) एफडीचं व्याज, वर्गणीतला ठराविक हिस्सा आणि एखादं छोटं टेबल-टॉप प्रदर्शन यावर ते चालवावं लागतं. प्रदर्शनात पैसा दिसला की सगळ्यांना वाटतं अजून मोठं करू. तिथे थांबून सीएला विचारा. संस्था धर्मादाय म्हणून इन्कम टॅक्सची सूट घेत असेल तर धंद्यासारख्या कामातून येणारे पैसे एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावे लागतात, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ मध्ये या नियमावर मोठा निकाल दिला त्यानंतर आमच्या सीएने हे फार काटेकोरपणे बघायला सुरुवात केली. एका गाजलेल्या प्रदर्शनापायी सूट गेली तर सगळं मुसळ केरात. वर्गणीवर जीएसटी लागतो तोही मेंबरला आधीच सांगून ठेवावा, नाहीतर बिल बघून फोन येतात.

आता एक गोष्ट जी दोन्ही पद्धतींना लागू आहे पण प्लॅनिंगच्या बैठकीत तिचा धोका जास्त, आणि मला ती अगदी कळकळीने सांगायची आहे. "स्ट्रॅटेजी" म्हटलं की कोणीतरी हमखास म्हणतो, आपण सगळे मिळून जॉबवर्कचा मशीन-अवर रेट (मशीनचा तासाचा भाव) ठरवूया ना, मग परचेसवाले आपल्याला पिळणार नाहीत. आमच्या बैठकीतही निघालं, आणि बोलणारा माणूस वाईट नव्हता, त्याचं पोट जळत होतं. पण हे करायचं नाही. २००२ च्या कॉम्पिटिशन ॲक्टमध्ये असोसिएशनच्या छताखाली भाव ठरवणं हे कार्टेलमध्येच (संगनमताने भाव ठरवण्यात) मोडतं, दंड संस्थेला तर होतोच, पदाधिकाऱ्यांनाही व्यक्तिशः होऊ शकतो. २०१२ मध्ये सीसीआयने (स्पर्धा आयोगाने) सिमेंट कंपन्यांबरोबर त्यांच्या असोसिएशनलाही दंड लावला होता, ते प्रकरण वरच्या कोर्टांत वर्षानुवर्षं चाललं. तेवढं झेलायची ताकद आपल्यात नाही. आम्ही त्या दिवशी तिथेच विषय थांबवला, थांबवला असं मिनिट्समध्ये लिहिलं आणि त्याऐवजी प्रत्येकाला स्वतःची कॉस्टिंग कशी काढायची याचं ट्रेनिंग ठेवलं. आपला खर्च ज्याला नीट कळतो तो तोट्यात ऑर्डर घेत नाही, त्यासाठी सगळ्यांनी एक भाव ठरवायची गरज पडत नाही.

माणसांचा प्रश्न राहिला, तो सगळ्यात अवघड. कॅलेंडर अध्यक्ष बदलला तरी चालतं कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नसतं. प्लॅन अध्यक्ष बदलला की मरतो, आमचा पहिला असाच मेला. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही त्या पानावर तीन सह्या घेतल्या, मावळत्या अध्यक्षांची, चालू अध्यक्षांची आणि पुढे जे होणार हे जवळपास ठरलेलं होतं त्या उपाध्यक्षांची. पुढच्या माणसाला सुरुवातीपासून बसवायचं, त्याचं एक काम त्यात असलंच पाहिजे. प्रत्येक कामाला कमिटीतला एक जण तीन वर्षांसाठी बांधलेला, पद बदललं तरी काम त्याच्याकडेच. यासाठी आम्हाला उपनियमांत छोटी दुरुस्ती करावी लागली, सबकमिटीची मुदत एक वर्षाऐवजी तीन. उपनियम न बघता असे ठराव करू नका, आणि संस्था ट्रस्ट म्हणूनही नोंदलेली असेल तर कमिटी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज जायला हवा. वर्षानुवर्षं ते राहून गेलेल्या संस्था मी बघितल्यात, मग बँकेत सह्या बदलताना, सरकारी स्कीमला अर्ज करताना सगळं अडकतं. प्लॅन कितीही सुंदर असो, हे कागद अडकले की तो जागेवर राहतो.

वेळेचंही बघा. एजीएम सप्टेंबरात, नवी कमिटी ऑक्टोबरात बसते, आणि बजेट १ फेब्रुवारीला असतं, त्याच्या सूचना त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत जायला हव्यात, म्हणजे मधे दिवाळी धरली तर नव्या कमिटीला वेळ मिळतच नाही. मागच्या वर्षीचंच निवेदन तारीख बदलून जातं. प्लॅन असला की ते निवेदन जुन्या कमिटीनेच जुलैत तयार केलेलं असतं.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुमचे साठ-सत्तर मेंबर आहेत, पगारी माणूस नाही, मागच्या दोन वर्षांत सभेला वीससुद्धा जमले नाहीत असं तूच म्हणालास. तुला या वर्षी कॅलेंडरच घ्यायला सांगेन, मनापासून. आधी माणसं एकमेकांना भेटू देत. पण त्यातला एक कार्यक्रम कमी कर आणि तो वेळ मेंबरची यादी करण्यात घाल, कोण काय बनवतो, किती मशीन, किती माणसं, वीज कोणाची, उद्यमची कॅटेगरी कुठली. तुमच्यात निर्यात करणारे किती तेही लिही, कारण आयात मालासाठीचा युरोपचा कार्बनचा नियम (माल बनवताना किती कार्बन सोडला त्यावर आकार) १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू झालाय, लोखंड-स्टीलच्या बऱ्याच वस्तू, नट-बोल्टसुद्धा, त्यात आहेत, आणि तुमच्यातला कोणी थेट पाठवत नसला तरी पाठवणाऱ्याला माल देणारे असतीलच. ती यादी झाली की पुढच्या वर्षी तीन वर्षांचं पान लिहायला बसा.

आणि ज्यांच्याकडे शंभर-दीडशे टिकाऊ मेंबर आहेत, एक तरी पूर्ण वेळ माणूस आहे, पुढचा अध्यक्ष कोण हे साधारण ठरलेलं आहे, त्यांनी एक दिवससुद्धा थांबू नये, सरळ प्लॅन करावा आणि कॅलेंडर त्याच्या खाली बसवावं. क्रिकेट ठेवा, बस ठेवा. आमचीही बस चालू आहे, फक्त ती आता सहलीला जात नाही, रिसायकल्ड दाणा वापरून चांगला माल काढणाऱ्या कारखान्यात जाते, आणि मागच्या वेळी जागा कमी पडल्या म्हणून दुसरी करावी लागली.

गाळ्यागाळ्यात फिरायचं असेल तर शनिवारी दुपारी तीननंतर जा, सकाळी डिस्पॅचची घाई असते. एका जोडीने दिवसाला चारच्या वर गाळे घेऊ नका. फॉर्म हातात धरून बसू नका, ऐकून घ्या आणि बाहेर येऊन लिहा. आमचे प्रश्न मी तुला व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिसरा मात्र गाळू नको.